पाटे, शॉकअप आणि सत्तावन्न मैल

आमच्या दारात पिकअप ट्रक उभा राहिला तेव्हा मंडळात तीन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या. पहिली, "घर बदलताय का?" दुसरी, "बरं झालं, आता गणपतीच्या मखराचं सामान आणायची सोय झाली." आणि तिसरी, एका काकूंनी हळूच बाजूला घेऊन विचारलेली, "नोकरीचं सगळं ठीक आहे ना रे?"

नोकरीचं ठीक होतं. बिघडलं होतं ते इतकंच की डेन्व्हरमधे इतकी वर्षं राहून कोलोरॅडो-युटामधले सगळे नॅशनल पार्क आम्ही मोटेलच्या खिडकीतून पाहिले होते. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे आमची सहलही संपायची. म्हणून २०२४च्या सुरुवातीला आम्ही एक जुना, २०१२ सालचा थ्री-क्वार्टर टन ट्रक घेतला आणि त्याच्या पाठीवर बसणारा कॅम्पर घेतला. कॅम्पर म्हणजे एक छोटी खोलीच. आत पलंग, दोन शेगड्या, बेसिन, लहानसा फ्रीज. वरचं छप्पर प्रवासात खाली दाबून ठेवायचं आणि मुक्कामी पोचलं की वर उचलायचं. चार कोपऱ्यांना चार पाय असतात. ते खाली सोडले की खोली आपल्या पायांवर उभी राहते आणि ट्रक तिच्याखालून मोकळा निघून येतो.

आम्ही दोघंही इंजिनिअर. एक मेकॅनिकल, एक इलेक्ट्रिकल. दोघांनीही या देशात येऊन मास्टर्स केलेलं. हे सांगायचं कारण, पुढे जो मूर्खपणा सांगणार आहोत त्याला अज्ञानाची सबब नाही.

मे महिन्यात पहिल्या सहलीला आम्ही युटामधल्या सॅन राफाएल स्वेलला गेलो. आय-७०पासून उत्तरेला बकहॉर्न वॉशमधून एक कच्चा रस्ता जातो. वाटेत कातळावर दोन हजार वर्षांहून जुनी लाल रंगातली चित्रं आहेत. पुढे वेज ओव्हरलुक. तिथे उभं राहिलं की पायाखाली सॅन राफाएल नदीची खोल घळ दिसते. 'लिटल ग्रँड कॅनियन' म्हणतात ते उगीच नव्हे.

खरं म्हणजे आय-७०वरच लक्षात यायला हवं होतं. ट्रकचं बूड खाली बसलेलं आणि नाक वर. समोरून येणारे आमच्याकडे बघून दिवे मिचकावत होते, कारण आमचे हेडलाइट सरळ त्यांच्या डोळ्यात जात होते. शेजारून मोठा ट्रेलर गेला की आमची गाडी होडीसारखी डुलायची, आणि डुलायला लागली की लवकर थांबायची नाही. आम्ही एकमेकांना म्हणालो, "सवय होईल."

परतीच्या वाटेवर ओढ्याच्या एका कोरड्या पात्रात गाडी जरा वेगात उतरली. मागून बंदुकीच्या बारासारखा आवाज आला. उतरून वाकून पाहिलं तर डावीकडच्या पाट्यांपैकी वरून दुसरा पाटा मधोमध तुटलेला. सुदैवानं पहिला, मुख्य पाटा शाबूत होता. आक्स त्याच्या आधारानं जागेवर धरलेला असतो. तो गेला असता तर मागची चाकं तिरकी झाली असती आणि हा लेख वेगळ्या शीर्षकानं छापावा लागला असता. कॅम्परच्या टाकीतलं सगळं पाणी तिथेच वाळूत सोडून दिलं आणि ताशी पंधरा मैलांनी रखडत गाव गाठलं.

घरी आल्यावर पहिल्यांदा ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचा स्टिकर वाचला. प्रत्येक गाडीला असतो. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर स्वच्छ लिहिलेलं असतं. आमचा आकडा २,८५० पौंड. भरलेल्या गाडीचं एकूण वजन कुठल्याही परिस्थितीत १०,००० पौंडांच्या वर जायला नको. मग तशीच भरलेली गाडी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर नेली. मोठे ट्रक जिथे वजन करतात तिथे पिकअपवाल्यालाही काही डॉलरमधे वजन करून मिळतं. पुढच्या आणि मागच्या आक्साचं वेगळं वजन छापलेली पावती देतात. आमची पावती म्हणाली, १०,३२०.

हिशोब मांडायला बसलो. कॅम्परच्या ब्रोशरमधे वजन होतं १,६०० पौंड. पण ते रिकाम्या, कोरड्या कॅम्परचं. त्यात फ्रीज, छत्री वगैरे 'ऑप्शन' धरलेले नसतात. ते २००. पाणी ३० गॅलन. एका गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे २५०. गॅसचे दोन सिलिंडर ७४. दोन बॅटऱ्या १३०. आम्ही दोघं मिळून ३१०. इथपर्यंत बेरीज २,५६४, म्हणजे मर्यादेच्या आत. उरलेले सहाशे पौंड कुठून आले?

ते आमच्याकडूनच आले होते. दोन कुकर, बिडाचा तवा, तांदळाची वीस पौंडांची पिशवी, 'असू दे' म्हणून घेतलेला जनरेटर, 'लागला तर' म्हणून घेतलेला दुसरा कूलर, खुर्च्या, ग्रिल, जळाऊ लाकूड, तीन-तीन जाकिटं, आणि पुस्तकांची एक पेटी, जी उघडलीच नव्हती. देश सोडताना दोन बॅगा आणि प्रत्येकी ठराविक किलो या हिशोबात ग्रॅम-ग्रॅम मोजणारे आम्ही. इथे कोणी काटा लावला नाही तर काय होतं ते दिसलं.

जूनमधे पुण्याहून बाबा आले. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधे झालेली. छत्तीस वर्षं बसगाड्यांच्या खाली घालवली. वय पंचाहत्तर, २०१९ साली अँजिओप्लास्टी झालेली, तरी गाडी दिसली की वाकून खाली बघायची सवय सुटलेली नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते ट्रकखाली बघत होते.

"हे पाटे कोणी मारले?"

"आम्हीच, बाबा."

"मग बरोबर," एवढंच म्हणाले.

जुलैमधे आम्ही तिघं सस्पेन्शनचं काम करणाऱ्या एका दुकानात गेलो. मालक बाबांच्याच वयाचा, कमी बोलणारा. त्यानं तुटलेला पाटा काढून उजेडात धरला. तुटलेल्या जागी दोन रंग दिसत होते. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा अर्धा भाग काळपट, गंजलेला. बाकीचा चकचकीत करडा. म्हणजे तडा जुना होता. धातूला वर्षानुवर्षं वाकवलं-सोडलं की भोकाच्या कडेला बारीक भेग पडते, रोज केसभर वाढत जाते आणि एक दिवस उरलेला भाग एका दणक्यात जातो. पाटा ओढ्यात तुटला, पण तुटायला आमच्या आधीच्या मालकाच्या काळातच सुरुवात झाली होती. आम्ही फक्त शेवटचे तीनशे पौंड घातले.

त्यानं तीन उपाय सांगितले. पहिला, एअर बॅग. चौकट आणि आक्स यांच्या मधे रबरी फुगे बसवायचे आणि वजनाप्रमाणे हवा भरायची. स्वस्त, सोपं, गाडी लगेच सरळ दिसते. हमरस्त्यावर उत्तम. पण खडकाळ वाटेवर एक चाक खाली लोंबकळतं आणि दुसरं वर जातं, तेव्हा फुग्याला ताणलं जाणं मानवत नाही. शिवाय पाट्यांचा भार चौकटीवर पुढे-मागे दोन ठिकाणी वाटला जातो, तो फुगा एकाच जागी देतो. दुसरा उपाय, जुन्याच पाट्यांत एक नवा पाटा वाढवायचा. तिसरा, दोन्ही बाजूंचा संपूर्ण नवा संच, आपल्या वजनाप्रमाणे बनवून घेतलेला.

बाबांचं मत दुसऱ्याला पडलं. "एक पाटा वाढवा आणि चला. आम्ही हेच करायचो. एवढा खर्च कशाला?"

आम्ही भाषांतर केलं. मालक काही बोलला नाही. त्यानं एक छोटा हातोडा बाबांच्या हातात दिला. बाबांनी उरलेले पाटे एकेक करून वाजवले. चांगला पाटा टणकन वाजतो आणि नाद थोडा रेंगाळतो. उजवीकडचा तिसरा पाटा मात्र तडकलेल्या मडक्यासारखा भद्द वाजला. बाबांनी तो पुन्हा वाजवला, हातोडा परत केला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "सगळे बदला. म्हाताऱ्या बैलांत एक खोंड जुंपला तर सगळं ओझं खोंडावर येईल." मालकानं विचारलं, काय म्हणाले? बैलांचं इंग्रजी करताना आमची जरा धांदल उडाली, पण त्याला कळलं असावं. तो हसला.

दुसरी गोष्ट शॉकअपची. आपण धक्का बसला की स्प्रिंगला दोष देतो. पण स्प्रिंगचं काम फक्त धक्क्यातली ऊर्जा साठवून परत देणं. ती ऊर्जा मारायचं काम शॉकअपचं. आतल्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलून तो हालचालीची उष्णता करून टाकतो. आमची गाडी होडीसारखी डुलत राहायची ती शॉकअप थकलेले होते म्हणून. कच्च्या रस्त्यावर तास-दोन तास सतत दणके बसले की साध्या शॉकअपमधलं तेल तापून पातळ होतं, त्यात फेस होतो, आणि मग तो नुसता शोभेला उरतो. म्हणून दाबाखालचा नायट्रोजन भरलेले आणि जास्तीच्या तेलासाठी बाजूला वेगळी डबी असलेले शॉकअप घेतले. बाबांना ती डबी पटली नाही. "एवढं लाडावून ठेवल्यावर कसं होणार," असं काहीसं पुटपुटले.

मागे जाड अँटी-रोल बार बसवला. टायर 'ई' लोड रेंजचे घेतले. ८० पीएसआय हवेला एकेक टायर ३,१९५ पौंड पेलतो. यू-बोल्ट नवे घेतले, कारण एकदा ताणून बसवलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. सगळं मिळून साडेतीन हजार डॉलर गेले.

पैसे देताना आम्ही मोठ्या आशेनं विचारलं, "आता किती वजन चालेल?" मालकानं काही न बोलता ड्रायव्हरचं दार उघडलं आणि स्टिकरवर बोट ठेवलं. पाटे बदलले म्हणून ब्रेक मोठे होत नाहीत, बेअरिंग जाड होत नाहीत, चौकटही बदलत नाही. नव्या पाट्यांनी गाडी सरळ उभी राहील, डुलणार नाही, आपटणार नाही. पण आकडा तोच, २,८५०. उलट नव्या सामानाचं वजन ७० पौंडांनी जास्त होतं, तेही त्यातूनच वजा.

बाहेर पडताना बाबा म्हणाले, "आणि एक सांगतो. या पाट्यांवर गाडी रिकामी नेलीत तर हाणेल." आम्ही मान डोलावली आणि विसरून गेलो.

ऑक्टोबरमधे कुठे जायचं ते ठरलं होतं. दक्षिण युटामधल्या एस्कलांटेजवळची होल-इन-द-रॉक रोड. डांबरी हायवेपासून ५७ मैल कच्चा रस्ता, आणि शेवटी कोलोरॅडो नदीच्या कड्याला पडलेली एक फट. प्रश्न होता बाबांचा. त्यांना यायचं होतं, तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण नकाशा रोज उघडला जात होता. आणि आमच्या डोळ्यासमोर तो तुटलेला पाटा होता. दोघंच असताना अडकलो तर फजिती. बाबा बरोबर असताना अडकलो तर? त्या रस्त्यावर फोन लागत नाही. हॉस्पिटल पँग्विचला, एस्कलांटेच्या पुढे सत्तरएक मैल. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हरकत घेतली नाही. सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र घेतलं. तरी रात्री झोप लागेना.

शेवटी प्रश्न पुन्हा काट्यापाशीच आला. बाबा १४० पौंड. ते कुठून काढायचे? दोन जड बॅटऱ्यांच्या जागी एक लिथियमची घेतली, १०० पौंड वाचले. पाणी तीसऐवजी वीस गॅलन, ८३ वाचले. एक सिलिंडर कमी, ३७. छत्री काढून ठेवली, ४५. आणि ते सहाशे पौंड सामान ओसरीवर ओतून तिघं बसलो. जनरेटर गेला. दुसरा कूलर, ग्रिल, लाकूड, पुस्तकं गेली. बिडाच्या तव्यावरून आमच्यात कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी अॅल्युमिनियमच्या तव्यावर तडजोड झाली. कुकर एकच राहिला, तीन लिटरचा. सहाशेचे दोनशे सत्तर झाले. पुन्हा कॅट स्केल. बाबांना आत बसवून पावती घेतली, ९,९४०. साठ पौंड शिल्लक. बाबांनी पावती घडी करून खिशात ठेवली. पुढे ती त्यांच्या पासपोर्टात सापडली.

डेन्व्हरहून निघाल्यावर पहिली परीक्षा आय-७०वर. अकरा हजार फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यानंतरचा लांब उतार. खालच्या गिअरमधे, ब्रेकवर पाय न ठेवता उतरलो. शेजारून ट्रेलर गेले. गाडी किंचित कलायची आणि लगेच सरळ व्हायची. फ्रूटा गावी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी युटामधे हायवे २४ला वळलो, हँक्सव्हिल, कॅपिटल रीफ, टोरी, आणि मग हायवे १२. बोल्डर माउंटनवर हा रस्ता ९,६०० फुटांवर चढतो. अॅस्पेनची शेवटची पिवळी पानं गळत होती. पुढे हॉगबॅक नावाच्या चिंचोळ्या धारेवरून रस्ता जातो, दोन्ही बाजूला दरी. बाबा तिथे पहिल्यांदाच गप्प बसले.

होल-इन-द-रॉक रोडचा फाटा गावाच्या पाच मैल अलीकडेच लागतो. पण आधी एस्कलांटेत जाऊन माहिती केंद्रात रस्त्याची चौकशी केली, मुक्कामाचा मोफत परवाना घेतला, डिझेल आणि पाणी भरलं. पाऊस पडला तर इथली माती साबणासारखी होते आणि मग कुठलंच सस्पेन्शन उपयोगी पडत नाही. दोन दिवस कोरडे होते. फाट्यावर येऊन टायरची हवा कमी केली, मागे ५०, पुढे ४०. हवा कमी केली की टायर मऊ होतो आणि लहान दणके स्वतःच गिळतो. मात्र मग वेगही कमीच ठेवावा लागतो.

उजवीकडे स्ट्रेट क्लिफ्सची भिंत, सतत सोबत करणारी. डावीकडे एस्कलांटे नदीच्या घळींचं जाळं. आणि खाली धुणं धुवायच्या फळीसारखा लाटालाटांचा रस्ता. या लाटा रस्त्याच्या कंत्राटदाराची चूक नव्हे. २००७ साली काही शास्त्रज्ञांनी वाळूवर नुसतं एक चाक फिरवून दाखवलं की ठराविक वेगाच्या वर लाटा आपोआप उमटतात, गाडीला स्प्रिंग असो वा नसो. काही लोक चाळीसच्या वेगानं लाटांच्या माथ्यामाथ्यांवरून जातात. धक्के कमी लागतात हे खरं, पण तेव्हा टायर अर्धा वेळ हवेत असतो आणि पाठीवर घर असताना वळण आलं तर संपलंच. आम्ही ताशी पंधराच्या वर गेलो नाही. बाराव्या मैलावर डेव्हिल्स गार्डनचे सुळके बघितले. दर तासाला थांबून बाबा गाडीखाली हात घालून शॉकअपला उलटा हात लावून बघत. "चहाच्या कपाएवढा गरम," असा रिपोर्ट यायचा. तिसऱ्या वेळी म्हणाले, "डबी बरी आहे रे तुमची."

छत्तीसएक मैलांवर डान्स हॉल रॉक नावाचा प्रचंड खडक आहे, नाट्यगृहासारखा आत वळलेला. १८७९च्या हिवाळ्यात मॉर्मन वसाहतकऱ्यांचा तांडा इथे अडकून पडला होता. अडीचशेच्या आसपास माणसं, ऐंशीहून जास्त घोडागाड्या. पुढे वाट नव्हती, मागे बर्फ पडलेलं. थंडीत फिडल वाजवून ते या खडकात नाचत. आम्ही थोडं पुढे मुक्काम केला. कुकरची शिट्टी त्या शांततेत इतकी मोठी वाजली की आम्हीच दचकलो.

दुसऱ्या सकाळी शेवटच्या सात मैलांपाशी आलो. इथून पुढे रस्ता म्हणजे उघडा कातळ, पायऱ्यापायऱ्यांचा, बाजूला कललेला. आम्ही उतरून अर्धा मैल चालत जाऊन पाहिलं. पाट्यांची भीती नव्हती, ते पेललं असतं. भीती होती ती उंचीची. पाठीवर घर असलं की गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, आणि एका ठिकाणी कातळ डावीकडे चांगलाच कलला होता. साडेतीन हजार डॉलर घातले ते काय इथून परत फिरायला, असं मनात येत होतं. पण मागच्या सीटवर कोण बसणार आहे तेही डोळ्यापुढे होतं. दोघंही बोलेनात.

"खोली उतरवून ठेवा की," बाबा म्हणाले. "पाय आहेत ना तिला?"

कॅम्पर खडकाळ पण सपाट जागी, रस्त्याच्या बाजूला, चार पायांवर उभा केला. पाऊण तास लागला. अडीच हजार डॉलरला मिळाला असता असा कुठलाही सुटा भाग जे करू शकला नसता ते ओझं खाली ठेवल्यावर फुकटात झालं. गाडी बुटकी झाली, हलकी झाली, कुठल्याही कलत्या कातळावर घोरपडीसारखी चिकटून जायला लागली.

आणि तिनं हाणायला सुरुवात केली. अडीच हजार पौंडांसाठी बनवलेले पाटे, वर काहीच नाही. प्रत्येक पायरीला मागचा भाग उडायचा. बाबांचं भविष्य खरं ठरलं, आणि त्यांच्याच पाठीवर. ज्यानं रिकाम्या एसटीच्या शेवटच्या बाकावरून घाट उतरलाय त्याला जास्त सांगायला नको. बाबांना पुढच्या सीटवर घेतलं, मागच्या टायरची हवा ३०वर आणली आणि माणसाच्या चालीनं गेलो. सात मैलांना पावणेदोन तास लागले.

शेवटी रस्ता संपतो आणि कड्यात ती फट दिसते. वरून बघताना आत मोठमोठे धोंडे आणि खूप खाली पाण्याची निळी चकती. आता तिथे ग्लेन कॅनियन धरणाचं, लेक पॉवेलचं पाणी आहे. तेव्हा नदी होती, हजारएक फूट खाली. तांड्यातल्या लोकांनी सुरुंग आणि छिन्नीनं सहा आठवडे खपून ही फट गाडीच्या रुंदीची केली. खालच्या टप्प्यात कातळाला भोकं पाडून त्यात ओकच्या मेखा ठोकल्या, त्यावर झुडपं-दगड रचून भिंतीलाच टांगलेला रस्ता केला. बेंजामिन पर्किन्स या वेल्सच्या खाणकामगारानं ते सुचवलं, म्हणून त्याला 'अंकल बेन्स डगवे' म्हणतात. २६ जानेवारी १८८० रोजी गाड्या उतरायला लागल्या. मागची चाकं साखळीनं जखडलेली, मागून माणसं दोर धरून. सहा आठवड्यांचा म्हणून धरलेला प्रवास जवळजवळ सहा महिने चालला. एप्रिलमधे ते ब्लफ या ठिकाणी पोचले, आणि पुढे जायचं त्राण नाही म्हणून तिथेच वसले.

स्टॅनफर्ड स्मिथ दिवसभर इतरांच्या गाड्या उतरवत होता. त्याची स्वतःची वर राहून गेली. बाकीचे नदीपार गेलेले. त्यानं बायकोला, अॅराबेलाला, घेतलं. तीन मुलांना वरच घोंगडीवर बसवलं, मागे एक घोडा बांधला, आणि घोड्याच्या मागे दोर धरून ती. घोडा पडला, तीही पडली, फरफटत खाली गेली, पायाला मोठी जखम झाली. गाडी शाबूत पोचली. मग तो मुलांना आणायला पुन्हा वर चढला.

हे सगळं आम्ही बाबांना कड्यावर बसून सांगितलं. ते फटीत उतरले नाहीत. आम्ही दोघंही पन्नासेक पावलं उतरून परत आलो. त्यांनी विचारलं, "चाकं जखडली म्हणालात, म्हणजे घासत नेली. धावा शिल्लक राहिल्या का?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "बाई म्हणजे ब्रेक झाली की रे." आणि पाण्याच्या त्या चकतीकडे बराच वेळ बघत राहिले.

परत आलो तेव्हा वारा सुटला होता, पण आमची खोली आपल्या चार पायांवर ठाम उभी होती. ती पुन्हा पाठीवर घेतली. टर्नबकल आवळले. गाडी दोन इंच खाली बसली आणि शांत झाली, जशी ती बनवली होती तशी. संध्याकाळी बाबांनी पाना घेऊन दोन्ही बाजूंचे पाटे एकेक करून वाजवले. सगळे टणटणीत.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. आधी वजन करा, मग खरेदी करा. वजन पूर्ण भरलेल्या गाडीचं, माणसं आत बसवून करा. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या आक्साच्या किंचित पुढे येईल असा बसवा. पाटे किती भारासाठी बनवायचे ते काट्याच्या पावतीवरून ठरवा, ब्रोशरवरून नको. नवे यू-बोल्ट पाचशे मैलांनी पुन्हा आवळा. या रस्त्यावर पावसाळी हवेत जाऊ नका, पाणी भरपूर ठेवा, आणि शेवटचे सात मैल आपल्या गाडीचे नाहीत असं वाटलं तर लाजू नका.

डिसेंबरात बाबा पुण्याला परतले. त्यांची बॅग भरताना काटा त्यांनीच मागून घेतला. आता दर रविवारी फोन असतो. तब्येत, मंडळी, हवा झाली की शेवटचा प्रश्न ठरलेला, "पाटे वाजवून बघता ना?"

बघतो, बाबा. दर महिन्याला.